औषध घ्यावं, जोहार घालू नये

आपल्या बैठकांत एक प्रश्न नेहमी निघतो आणि नेहमी अर्धवट राहतो. जो हात आपल्याला माणूस समजत नाही, त्या हातून औषध घ्यावं का? पूर आला, भूकंप झाला, साथ आली, आणि जे कालपर्यंत पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते तेच आज भाकरीचं पुडकं घेऊन वस्तीच्या तोंडाशी आले, तर ते पुडकं घ्यावं की फेकावं?

बैठकीत लगेच दोन तट पडतात. एक पोरगा ताडकन उठतो. म्हणतो, "फेका! महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी काय सांगितलं? मेलेलं ढोर ओढू नका, उष्टं खाऊ नका. भीक ती भीक." दुसरा, बहुधा ज्याच्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं तो, खालच्या आवाजात म्हणतो, "तुझी आई आजारी पडली की मग सांग." पहिला चिडतो. तेवढ्यात चहा येतो. प्रश्न तिथंच राहतो.

दोघंही खोटं बोलत नाहीत, म्हणून प्रश्न अवघड आहे. पहिला म्हणतो ते खरंच आहे. दयेवर जगणारा समाज शेवटी दयेच्या मापाचाच होतो. 'जोहार मायबाप' ही नुसती जुनी लकब नव्हती, ती जगण्याची अट होती. आधी वाकायचं, मग तुकडा. दुसरा म्हणतो तेही खरंच आहे. मेलेल्या माणसाला स्वाभिमान नसतो. त्याला फक्त तिरडी असते.

माझ्यापुरतं या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं आहे असं वाटतं. ते इथं मांडतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर पुढच्या बैठकीत माझ्याशी भांडा.

*

आधी एका थर्मामीटरची गोष्ट. गोष्ट म्हणतो, पण घडलेली आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तराने ती स्वतः लिहिली. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त ती पत्र म्हणून छापून आली, आणि पुढं बाबासाहेबांनी ती आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत घेतली.

मास्तराची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. तो डॉक्टराकडे गेला. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नाही. घरात बोलावून तपासायलाही तयार नाही. मग मास्तर गावातल्या बड्या लोकांच्या पाया पडला. नगरशेठ दोन रुपये फीला जामीन राहिला. तेव्हा डॉक्टर एका अटीवर तयार झाला, बाईला वस्तीच्या बाहेर आणायचं. ओली बाळंतीण, पोटापाशी दोन दिवसांचं पोर, अशी ती उचलून वस्तीबाहेर आणली. डॉक्टराने थर्मामीटर काढला. तो एका मुसलमानाच्या हातात दिला. मुसलमानाने मास्तराला दिला. मास्तराने बायकोला लावला. परत त्याच वाटेने तो डॉक्टरापर्यंत गेला. रात्रीची वेळ. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टराने सांगून टाकलं, न्यूमोनिया. बाईच्या छातीला नळी लागली नाही, नाडीला बोट लागलं नाही. औषध पाठवलं. फीचे दोन रुपये घेतले. पुन्हा मात्र आला नाही. बाई मेली.

ही गोष्ट मी पोरांना सांगतो तेव्हा सगळी त्या डॉक्टरावर उसळतात. साहजिक आहे. पण मी त्यांना मास्तराकडे बघायला सांगतो. त्या मास्तराने काय करायला हवं होतं? "वस्तीबाहेर आणणार नाही, यायचं तर घरात या," असं म्हणायला हवं होतं? दारात उभं राहून स्वाभिमान राखायला हवा होता, आणि आत बाई तापाने फणफणत ठेवायची होती?

मी म्हणतो, मास्तराने बरोबर केलं. वाकावं लागलं तिथं तो बायकोच्या जिवासाठी वाकला. फी मोजली. औषध घेतलं. आणि ती गेल्यावर गप्प बसला नाही. जे झालं ते सगळं लिहिलं, थर्मामीटर कुठल्या हातातून कुठल्या हातात गेला इथपर्यंत. छापायला दिलं. त्याने औषध घेतलं, अपमान नाही घेतला. अपमान त्याने चव्हाट्यावर मांडला. आज नव्वदच्या वर वर्षं झाली, तो डॉक्टर अजून त्या दिव्याच्या उजेडात उभा आहे. साक्षीला आपण सगळे.

माझ्या उत्तराचं बी इथं आहे. आजाऱ्याने उपचार घ्यायचा. लढायचं दुसऱ्या कुणीतरी. मास्तराला ते दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दोन्ही कामं त्यालाच करावी लागली. आपण चळवळवाले म्हणवतो ते त्याचसाठी, की पुढच्या मास्तराला दोन्ही करावी लागू नयेत.

*

आता पहिल्या पोराकडे वळतो. तो म्हणेल, म्हणजे काय, भुकेल्याने आणि आजाऱ्याने मुकाट घ्यायचं? भुकेला माणूस लढूच शकत नाही का?

शकतो. एकटा नाही शकत. हजार जण मिळून शकतात. १८७६ ते ७८ चा दुष्काळ घ्या. दख्खनमध्ये लोक पटापट मरत होते. सरकारने दुष्काळी कामं काढली, खडी फोडायची, माती वाहायची. व्हाइसरॉय लिटनने रिचर्ड टेंपल नावाचा साहेब पाठवला, खर्च कमी करायला. १८७७ च्या सुरुवातीला मजुरी खाली आणली. एक पौंड धान्याची किंमत, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि वर आणा-अर्धा आणा. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला. बाया-पोरांना त्याहून कमी. साहेबाचा हिशेब सरळ होता. मदत इतकी कडू करा की अगदी मरणाऱ्याशिवाय कुणी घ्यायला येऊ नये.

आणि मुंबई इलाख्यातल्या हजारो भुकेल्या माणसांनी काय केलं? कामं सोडली. संप केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढं लेखी मांडली.

डोक्यात घ्या हे नीट. ज्यांच्या पोटात काही नव्हतं त्यांनी मदतीविरुद्ध संप केला. "मदत नको" असं ते म्हणत नव्हते. "ही मदत नाही, ही चोरी आहे, पूर्ण द्या," असं ते म्हणत होते. फेकून देणं वेगळं, आणि पूर्ण मागणं वेगळं. पहिल्यात नुसता राग आहे. दुसऱ्यात हिशेब आहे.

त्याच वर्षी जोतिबा आणि सावित्रीबाई सत्यशोधक मंडळींना घेऊन धनकवडीला दुष्काळातल्या पोरांसाठी अन्नछत्र चालवत होते. दोन्ही कामं एकाच वेळी लागतात. कुणीतरी आज रात्रीची भाकरी बघायची, कुणीतरी सरकारची मानगूट धरायची. एकाने दुसऱ्याला हिणवायचं कारण नाही.

पुढं १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळी मदतीचे नियम लिहिले गेले. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा याच महाराष्ट्रात पुन्हा खडी फोडली, पण त्यातून रोजगार हमी उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, नाही दिलं तर भत्ता. खडी तीच, ऊन तेच. पण मुकादमापुढं उभा माणूस 'द्या मायबाप' म्हणत नव्हता, 'कायद्यात आहे' म्हणत होता. दया आणि हक्क यांत फरक हाच. भाकरीच्या चवीत तो कळत नाही. न मिळाल्यावर तुम्ही कुणाला जाब विचारू शकता, यात कळतो.

*

म्हणजे मदतीची परीक्षा कशी करायची? देणाऱ्याच्या मनात काय आहे यावरून नाही. मन कुणी बघितलंय? देणाऱ्याचं मन लोण्यासारखं असेल, आम्हाला त्याचं काय करायचं? परीक्षा अशी करायची: या मदतीचा हिशेब मी मागू शकतो का? आणि ती कुणाला किती द्यायची हे ठरवतात त्या सतरंजीवर माझा माणूस बसलाय का?

बाबासाहेब नेमकं हेच भांडण भांडले. पुणे करारानंतर, १९३२ च्या सप्टेंबरात, जी संस्था निघाली ती पुढं हरिजन सेवक संघ झाली. सुरुवातीला तिच्या मंडळावर बाबासाहेबही होते. नोव्हेंबरात गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून त्यांनी ठक्करबाप्पांना लांबलचक पत्र लिहिलं. सार इतकंच, की दवाखाने, शाळा, वाचनालयं यांतून एकेकट्याचं भलं करत बसू नका, आधी अस्पृश्यांच्या नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम काढा. पाणवठा खुला करा, शाळा खुली करा. संघाने ते मनावर घेतलं नाही. पुढं १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू दि अनटचेबल्स' या पुस्तकात त्यांनी संघाची सगळी चिरफाड केली.

त्यातला एक मुद्दा मला फार मोठा वाटतो. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, असं विचारलं तर गांधीजींचं म्हणणं असं, की हे काम म्हणजे हिंदूंनी करायचं प्रायश्चित्त आहे, पैसा हिंदूंचा आहे, तेव्हा चालवायचं हिंदूंनीच. वरवर बघता केवढं नम्र वाटतं! पण उलटं करून बघा. पाप तुमचं, प्रायश्चित्त तुमचं, पैसा तुमचा, समिती तुमची. आमचं काय? आमचा फक्त आजार. आमचं दुखणं ही तुमच्या पुण्याची सामग्री. रोगी बरा झाला काय नि मेला काय, देणाऱ्याचं प्रायश्चित्त पुरं होतं.

कर्ज फेडणारा माणूस सावकाराला "किती फेडायचं ते मीच ठरवणार" असं म्हणत नाही. म्हणेल तर त्याला कुणी कर्जफेड म्हणणार नाही.

*

समितीत आपला माणूस नसला की काय होतं ते अंदाजाने सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप. लातूर-उस्मानाबादकडची सुमारे आठ हजार माणसं दगडमातीच्या माळवदाखाली गेली. भूकंपाने जात विचारली नाही. वाड्यावर पडला, झोपडीवर पडला. मग पुनर्वसन आलं. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशोदेशीची मदत आली. आणि पुरती उद्ध्वस्त झालेली गावं नव्याने बांधताना घर किती मोठं द्यायचं ते कशावर ठरलं? घरात माणसं किती यावर नाही. किती मेली यावर नाही. जमीन किती यावर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला अडीचशे चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला चारशे. सात हेक्टरच्या वर साडेसातशे.

भूकंपाने गाव एका पातळीवर आणलं होतं. मदतीने ते पुन्हा चढत्या भाजणीने उभं केलं, नव्या सिमेंटात. कुणी शिवी दिली नाही, कुणी विटाळ मानला नाही. सातबारा बघितला फक्त. सातबाऱ्यावर आपलं नाव का नाही, हा प्रश्न त्या फॉर्मात नव्हता.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूच्या नागपट्टिनम किनाऱ्यावर तेच. नुकसान मोजलं होडीवर आणि जाळ्यावर. ज्याची होडी गेली तो आपद्ग्रस्त. त्या होडीवर मजुरी करणारा, मासळी सुकवणारी, मिठागरात राबणारा दलित, त्याचं काय गेलं? त्याचं काम गेलं. कामाचा पंचनामा होत नाही. आणि किनाऱ्यावर पडलेली मढी उचलायची वेळ आली तेव्हा मात्र आपली माणसं बरोबर आठवली. दुसऱ्या नगरपालिकांतून सफाई कामगार आणले. ते कोण होते हे सांगायला नकोच. मदत घेणाऱ्यांच्या रांगेत शेवटी, मढी उचलणाऱ्यांच्या रांगेत पहिले.

२०२० चा कोरोना तर तुम्ही सगळ्यांनी बघितला. ३ मे ला हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुलं टाकली. ती फुलं खाली पडल्यावर झाडली कुणी? कंत्राटी सफाई कामगाराने. फुलांना माझा विरोध नाही. पण फूल हे दयेचं नाणं आहे, आणि हातमोजा हा हक्क आहे. फूल दिलं नाही म्हणून कुणावर खटला होत नाही.

*

एवढं मागचं नि लांबचं बोलल्यावर आता आपल्या दाराशी येतो. मी वस्तीतल्या पेशंटांबरोबर दवाखान्यांच्या रांगेत उभा राहतो. केसपेपर काढून देणं, तपासणीच्या खोल्या दाखवणं, डॉक्टर काय म्हणाले ते समजावून सांगणं, इतकंच काम. एकदा आमच्या गल्लीतल्या एका आत्याबाईंना घेऊन एका मोठ्या धर्मादाय दवाखान्यात गेलो. मूत्रपिंडाचा आजार. पाय सुजलेले. काउंटरवरचा माणूस पिवळं रेशनकार्ड बघून म्हणाला, "फुकटात पाहिजे ना? मग बसा तिकडं. पैसेवाले होऊ देत आधी." माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार तोच आत्याबाईंनी मनगट धरलं. म्हणाल्या, "लेकरा, भांडू नको. मला दाखल होऊ दे आधी. तू भांडलास की हे लोक माझी सुई विसरतील."

मी गप्प राहिलो. त्या दाखल झाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जण, त्यात दोन बायका, लेखी अर्ज घेऊन गेलो. काउंटरवरचा माणूस नेमका काय बोलला ते शब्दाला शब्द लिहिलं, तारीख-वेळ घातली, पोच घेतली. अर्जाची एक प्रत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दिली. अर्जात आत्याबाईंची सही नव्हती. आमची होती. त्यांचं काम बरं होणं. आमचं काम अर्ज करणं.

कारण त्या दवाखान्यातली ती खाट फुकट नव्हती, दोस्तहो. हे नीट समजून घ्या, उद्या काउंटरवर उपयोगी पडेल. विश्वस्त संस्थांचा १९५० चा कायदा आहे. त्याचं कलम ४१ कक, आणि त्याखाली मुंबई हायकोर्टाने २००६ साली लावून दिलेली योजना. धर्मादाय दवाखान्याने शंभरातल्या दहा खाटा निर्धनांना मोफत ठेवायच्या, आणखी दहा दुर्बल घटकांना सवलतीत. एकूण बिलांच्या दोन टक्के पैसा गरीब पेशंटांच्या निधीत टाकायचा. तातडीचा पेशंट आला तर आधी दाखल करून जीव वाचवायचे उपचार करायचे. हे त्यांनी कशाच्या बदल्यात? धर्मादाय म्हणून करात सूट घेतात. कित्येकांनी सरकारी जमीन स्वस्तात घेतली. सरकारी जमीन म्हणजे कुणाची? कर म्हणजे काय? काड्यापेटीवरही कर भरतो आपण. म्हणजे ती खाट आत्याबाईंनी आगाऊ पैसे भरून ठेवलेली खाट आहे. नाव मात्र धर्मादाय!

आणि तिथंच आपल्यातला एक जण चिठ्ठी घेऊन येतो. नगरसेवकाची चिठ्ठी, आमदाराचा फोन, "आपला माणूस आहे, जरा बघा." चिठ्ठीने खाट मिळते, नाही असं नाही. पण काय झालं बघा. कायद्याने ठरलेली खाट साहेबाच्या कृपेने मिळालेली खाट झाली. पेशंट बरा होऊन आला की साहेबाच्या पाया पडतो. साहेब निवडणुकीला मोजून घेतो. आणि चिठ्ठी नेणारा कार्यकर्ता? तो दयेचा दलाल झाला. येसकराची काठी गेली, चिठ्ठी आली. वतन तेच.

रात्री दोन वाजता माणूस मरत असेल आणि चिठ्ठीनेच दार उघडणार असेल तर चिठ्ठी न्या. मी आधीच म्हटलं, आजाऱ्याच्या जिवावर तत्त्व शिकू नका. पण सकाळी अर्ज द्या, की चिठ्ठी का लागली? तो सकाळचा अर्ज ज्याच्याकडून होत नाही त्याने रात्रीच्या चिठ्ठीला समाजसेवा म्हणू नये.

अर्जाने काय होतं, असं विचारणारे असतात. बंगालमधल्या एका शेतमजुराचं सांगतो. ८ जुलै १९९२ ला तो रेल्वेतून पडला. डोक्याला मार. कलकत्त्यातले एकामागून एक सरकारी दवाखाने फिरवले. खाट नाही, सोय नाही. शेवटी खाजगीत सतरा हजार घातले तेव्हा वाचला. तो एकटा असता तर कर्ज फेडत बसला असता. पण तो खेतमजूर समितीचा सभासद होता. समिती त्याला घेऊन सुप्रीम कोर्टात गेली. १९९६ साली कोर्टाने सांगितलं, तातडीचे उपचार वेळेवर न देणं हा जगण्याच्या हक्काचा, घटनेच्या कलम २१ चा भंग आहे. पैसा नाही हे सरकारचं कारण चालणार नाही. भरपाई पंचवीस हजार. डोकं फुटलं एकाचं, हक्क झाला सगळ्यांचा. मधे काय होतं? संघटना होती.

आणि जातीवरून दवाखान्यात कुणी अडवलं तर त्यालाही नाव आहे. नागरी हक्क संरक्षणाचा १९५५ चा कायदा, कलम ५. अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणं किंवा आत घेतल्यावर दुजाभाव करणं हा गुन्हा. मास्तराच्या हातात हे कलम नव्हतं. आपल्या हातात आहे. पडून आहे.

*

आता कुणी म्हणेल, मग करुणेला काही जागाच नाही का? सगळे अर्ज आणि कलमंच? रात्रभर पेशंटच्या उशाशी बसणारी नर्स, तिलाही हिशेब विचारायचा?

करुणेला जागा आहे. पण करुणा आणि दया एक नाही. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला. कुणी बघत नाही. बुद्ध आनंदाबरोबर विहार पाहत तिथं आले. विचारलं, तुझ्याकडे कुणी का बघत नाही? तो म्हणाला, मी कुणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदाने धुतलं, दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवलं.

बहुतेक प्रवचनं इथं थांबतात. डोळ्याला पदर लावून लोक घरी जातात. पण गोष्ट इथं संपत नाही. बुद्धांनी सगळा संघ गोळा केला आणि जाब विचारला. मग नियम घातला. आजारी भिक्खूची सेवा आधी त्याच्या उपाध्यायाने करायची, नाही तर आचार्याने, नाही तर शिष्याने, असं करत करत शेवटी कुणीच नसेल तर संघाने. न करणं हा दोष. म्हणजे बुद्धांनी हात लावला ती करुणा. पण त्या करुणेला त्यांनी स्वतःच्या चांगुलपणावर सोडलं नाही. उद्या बुद्ध त्या वाटेने आले नाहीत तरी आजाऱ्याला पाणी मिळालं पाहिजे, म्हणून नियम केला. 'उपयोगी पडत नाही' हे कारण कायमचं मोडून काढलं.

करुणा हात लावते आणि नियम मागे ठेवते. दया हात न लावता वरून टाकते आणि मागे उपकार ठेवते.

सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं पोर पाठीवर घालून यशवंतच्या दवाखान्यात आणलं. त्या पोराला आणि त्यांना वेगळं करणारा कुणी मधला माणूस नव्हता, थर्मामीटर हातोहात पोचवणारा. रोग त्यांना लागला. १० मार्चला त्या गेल्या. तो दवाखाना मात्र त्यांनी आधीच उभा करवला होता, गावाबाहेर ससाणे मळ्यात. पाठ त्यांची होती आणि दवाखानाही होता. नुसत्या पाठीवर साथ भागत नाही.

*

शेवटचं आपल्याबद्दल. दरवर्षी १४ एप्रिलला आपली मंडळं सरकारी दवाखान्यात फळवाटप करतात. दोन केळी, एक सफरचंद, मागे बॅनर, पुढं मोबाईल. पेशंट उठून बसतो, कारण फोटो आहे. मधुमेहाच्या बाईच्या हातातही तेच केळं. तिला कुणी विचारलं नाही. काउंटरवरचा माणूस आणि आपण यांत त्या वेळी फरक किती? त्याने हिणवून दिलं, आपण हसून दिलं. विचारलं कुणीच नाही.

फळं वाटू नका असं मी म्हणत नाही. पण त्याच दिवशी चार पोरांनी औषधाच्या खिडकीशी दोन तास उभं राहावं. कुठली गोळी संपलीय, बाहेरून आणायला कुणाला सांगितलं, याची यादी करावी. माहितीच्या अधिकारात विचारावं, खरेदी का नाही? खाजगी दवाखान्याच्या भिंतीवर रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावायचा नियम राज्याने २०२१ साली केला. ती सनद कुठं आहे बघावी, दाराआड असेल तर पुढं आणायला लावावी. योजनेला जोतिबांचं नाव दिलंय, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. जोतिबांच्या नावाच्या खिडकीपाशी आपला माणूस हात जोडून उभा असेल तर ते नाव फुकट गेलं.

आणि आपणच मदत वाटायची वेळ आली, पूर आला, आग लागली, तर आपल्यालाही तीच परीक्षा लावायची. यादी वस्तीच्या बायकांना करू द्या. हिशेब फळ्यावर लिहा. आपल्याहून खालच्या म्हणवल्या गेलेल्यांना, पारध्यांना, वैदूंना, मेहतरांना, रांगेत नाही, समितीत घ्या. ते भांडले तर भांडू द्या. ज्या मदतीशी भांडता येतं तीच खरी मदत.

तेव्हा बैठकीतल्या त्या दोन्ही पोरांना माझं सांगणं इतकंच. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याने कुणाच्याही हातून औषध घ्यावं, खुशाल घ्यावं, मान खाली न घालता घ्यावं. ते त्याचंच आहे. आणि 'फेका' म्हणणाऱ्याने त्याचं औषध फेकू नये. आपला राग फेकू नये. तो कागदावर उतरवावा, खाली सही करावी, आणि सकाळी काउंटर उघडायच्या आत दारात उभं राहावं.

जय भीम.